ब्यूकमधलं बाळंतपण

आमच्या शेजाऱ्यांचं नाव केस. डच लोक ते लिहितात वेगळं, पण उच्चार अगदी आपल्या केसासारखा, आणि डोक्यावर औषधाला एक नाही. मी पहिल्यांदा हे नाव घरी येऊन सांगितलं तेव्हा माझी बायको शलाका इतकी हसली, की पुढे कित्येक दिवस त्यांना नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणतानाही तिला खोकल्याचं सोंग घ्यावं लागे. तर या केसनी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आमची बेल वाजवली आणि माझ्या हातात एक किल्ली ठेवली.

या देशात शेजाऱ्याची किल्ली सांभाळणं यात विशेष काही नाही. कुंड्यांना पाणी घालायचं, टपाल उचलायचं, मांजराला हाक मारायची आणि ते आलं नाही तरी आल्यासारखं कळवायचं. पण ही किल्ली घराची नव्हती. ब्यूकची होती.

ब्यूक म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ साली अमेरिकेत जन्मलेली, पिस्त्याच्या रंगाची गाडी. तिच्या नावापुढे दोनशे पंचवीस असा आकडा आहे. मला वाटायचं, ती इंजिनाची ताकद असेल. केस म्हणाले, ती लांबी आहे, इंचात. जिला आपली लांबी आडनावासारखी लावावीशी वाटते तिच्याविषयी आणखी काय सांगायचं? मागे दोन पंख, पुढे तिरके बसवलेले चार दिवे. समोर उभं राहिलं की वाटतं, कोणीतरी भुवया उंचावून विचारतंय, "मग, प्रमोशनचं काय झालं?" आमच्या गल्लीत गाड्यांच्या जागा मोजूनमापून आखल्या आहेत. ही दीड जागा अडवते, आणि उरलेल्या अर्ध्या जागेवरून गल्लीत वर्षानुवर्षं राजकारण चालतं.

केस न्यूझीलंडला निघाले होते, मुलीच्या बाळंतपणाला. मेच्या मध्यापर्यंत तिकडेच राहणार होते. माझ्या सासूबाई वसुधाताई तेव्हा नुकत्याच सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. पुरुषमाणूस मुलीच्या बाळंतपणाला जातो हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "डिंकाचे लाडू तरी येतात का त्यांना?"

"दर शनिवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेव," केस मला म्हणाले. "चालवू नकोस. फक्त चालू ठेव." मग ते बराच वेळ बरंच काही सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. माझं डच कामापुरतं आहे. पाव, पाऊस आणि पेन्शन, कारण मी हेगमधल्या एका पेन्शनच्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. यंत्राचं डच मला येत नाही. खरं सांगायचं तर यंत्राचं मराठीही येत नाही. पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. एवढ्या मोठ्या गाडीची किल्ली विश्वासाने हातात ठेवणाऱ्या माणसाला ‘समजलं नाही’ असं सांगणं माझ्या स्वभावात बसेना.

पहिल्या शनिवारी मी ताडपत्री काढली, आत बसलो, किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. दारात शलाका उभी होती. आमची मुलगी संहिता वरच्या खिडकीत होती. पलीकडच्या रिया त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या. रिया हे नाव ऐकून आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना कॉलेजातली मुलगी डोळ्यांसमोर येते. या रिया सत्तरीच्या आहेत आणि गल्लीतलं एकही पान त्यांना न विचारता गळत नाही.

सासूबाई शाल सावरत बाहेर आल्या. त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे सांगलीच्या दादा वकिलांकडे, जुनी प्लिमथ होती. त्यामुळे अमेरिकन गाडी हा आपला घरचा विषय आहे अशी त्यांची पहिल्या दिवसापासून धारणा होती.

"नमस्कार केलात का, सारंगराव?"

"कोणाला?"

"गाडीला. दादा नमस्कार केल्याशिवाय किल्लीला हात लावत नसत. ही जुनी माणसं आहेत. त्यांना मान लागतो."

वाद नको म्हणून मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. वाकताना माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला आणि गाडी अशी गर्जली की रियांच्या हातातला चिमटा खाली पडला. त्या काळच्या ब्यूकला किल्ली फिरवून पायाने ॲक्सिलरेटर दाबावा लागतो, तेव्हा ती सुरू होते, हे मला पुढे कळलं. बहुधा केसनी तेच सांगितलं असावं. पण तोवर उशीर झाला होता. नमस्काराने गाडी सुरू होते ही गोष्ट सासूबाईंनी सांगलीला, मिरजेला आणि मुंबईला फोन करून कळवली होती. पुढच्या शनिवारपासून बॉनेटवर हळदकुंकू आणि एक ट्युलिप असा बेत सुरू झाला. मला ऑफिसात लोक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणतात, हे इथे नमूद करून ठेवतो.

केसना दर आठवड्याला इंजिनाचा आवाज ऐकायचा असे. मी दुसऱ्या शनिवारी तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आनंद झाला. रात्री झोपताना ऐकतो." मला भरून आलं.

तिसऱ्या शनिवारी रिया कपड्यांची टोपली घेऊन आल्या. त्यांनी एक चादर माझ्या नाकापुढे धरली. चादरीला पेट्रोल पंपाचा वास येत होता.

"मी तक्रार करत नाहीये," त्या म्हणाल्या. इथे हे वाक्य आलं की समजायचं, तक्रार आली. "पण माझ्या मेव्हण्याकडे जुनी गाडी होती. तो म्हणायचा, थोडा थोडा वेळ इंजिन चालवणं सगळ्यात वाईट. एकतर चालवा, नाहीतर झोपू द्या."

समोरच्या घरातल्या तरुण जोडप्याने पर्यावरणाच्या दृष्टीने हेच सांगितलं. कोपऱ्यावरच्या माणसाने उलटं सांगितलं, पण तो सगळ्यांनाच उलटं सांगतो. शेवटी मी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मोरेश्वरला फोन केला. इकडच्या मराठी मंडळींत कोणाचंही काही अडलं, परमिट असो, कढीपत्ता असो की मुलांची शाळा, मोरेश्वरला विचारतात. त्याला सगळं ठाऊक असतं आणि त्यातलं निम्मं बरोबर असतं.

"बॅटरीची वायर काढून ठेव," तो म्हणाला. "गाडी समाधीत जाते. केस आले की वायर लावायची. संपलं."

मी वायर काढली, म्हणजे बॉनेट उघडून हाताला आली ती एक वायर काढली. सुदैवाने ती बॅटरीचीच निघाली. शनिवार शांत झाले. रियांच्या चादरींना साबणाचा वास येऊ लागला. फक्त केसना आवाज कुठून पाठवायचा हा प्रश्न उरला. मी तो दुसऱ्या शनिवारचाच आवाज दर आठवड्याला पाठवू लागलो. एकदा त्यांचा मेसेज आला.

"इंजिन उत्तम. पण मागे एक बाई दर शनिवारी तेच वाक्य म्हणते. प्रार्थना आहे का?"

मी रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं. इंजिनाच्या घरघरीमागे सासूबाई म्हणत होत्या, "शलाका, तीन शिट्ट्या झाल्या, कुकर बंद कर गं."

मी लिहिलं, "हो, प्रार्थना आहे."

"अर्थ काय?"

मी जरा विचार केला आणि लिहिलं, "जे तापलं आहे ते वेळेवर थांबावं."

"सुंदर," केसनी लिहिलं. "तुमच्या संस्कृतीचं हेच मला आवडतं."

एप्रिल लागला आणि दारोदार गेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, चिठ्ठी पडली. आमचं गाव पाण्यातून वर काढलेल्या मऊ जमिनीवर वसलं आहे. (गावाचं नाव सांगत नाही. आम्हाला अजून तिथेच राहायचं आहे.) ही जमीन हळूहळू खचते. म्हणून दर काही वर्षांनी रस्त्याच्या विटा उचलायच्या, खाली वाळू भरायची आणि त्याच विटा पुन्हा लावायच्या, असा इथला रिवाज आहे. तर पुढच्या आठवड्यात काम सुरू होणार, सबब सर्वांनी आपापली वाहनं गल्लीबाहेर न्यावीत.

मी म्हटलं, ठीक आहे. वायर लावू, नमस्कार करू आणि मागच्या रस्त्यावर नेऊन लावू. शनिवारी सकाळी सासूबाई हळदकुंकू घेऊन आल्या. मी बॉनेट उचललं. आतून काहीतरी काळं, चिडलेलं, माझ्या कानाला पंख मारत बाहेर उडालं आणि रियांच्या कुंपणावर बसून मला अद्वातद्वा बोलू लागलं.

त्या गाडीच्या बॉनेटखाली इतकी मोकळी जागा आहे, की पुण्यात असती तर कोणीतरी ती वन-आरके म्हणून भाड्याने दिली असती. तीच कोणाच्या तरी लक्षात आली होती. रेडिएटर आणि पुढची जाळी यांच्या मधोमध गवताचं, चिखलाचं, नीट लिंपलेलं घरटं होतं. आत निळसर हिरवी, तांबूस ठिपक्यांची चार अंडी. आपल्याकडच्या कस्तुराच्या जातीतला इथला पक्षी, डच लोक त्याला मेरल म्हणतात.

सासूबाईंनी एकदा आत पाहिलं, हळदकुंकवाची ताटली मागे घेतली आणि पदर खोचला.

"बॉनेट लावा, सारंगराव. हळू. बाळंतीण आहे आत. ही गाडी आता हलणार नाही."

"आई, सोमवारी रस्ता खणणार आहेत."

"मग रस्त्याला थांबायला सांगा."

मी घरात येऊन हे शलाकाला हळू आवाजात सांगितलं. माझा विचार होता, घरटं अलगद उचलून कुंपणात ठेवावं आणि कोणाला कळू देऊ नये. पण संहिता जिन्यात उभी होती. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते.

"ते कायद्याने गुन्हा आहे," ती म्हणाली. "वसंतात घरट्याला हात लावता येत नाही. मी कळवलंय."

"कोणाला?"

"गेमेंटेला. ॲपवरून. फोटोही टाकला. तुझा पाय आलाय त्यात."

दुपारी मराइका नावाची एक उंच तरुणी आली. गळ्यात दुर्बीण, पायांत गमबूट. ती गेमेंटेच्या हिरवळ खात्याकडून आली होती. तिने गुडघ्यावर बसून गाडीखालून पाहिलं, समाधानाने मान डोलावली आणि ब्यूकभोवती लालपांढरी फीत बांधली. पिल्लं उडून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही, सुरू करायची नाही, बॉनेट उघडायचं नाही. मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "ही गाडी बरेच दिवस बंद होती का? कारण चालू गाडीत हे पक्षी घर करत नाहीत."

मी म्हटलं, "आमच्याकडे प्रार्थना असते." तिने आदराने मान लववली.

सोमवारी मुकादम आला. भला दांडगा माणूस, खिशात स्टीलचा टेप, हातात कॉफी. फीत पाहून तो म्हणाला, "गाडी हलवा."

"पक्षी आहे."

"पक्षी माझ्या खात्यात येत नाही."

मी हिरवळ खात्याला फोन केला. त्यांनी सांगितलं, रस्ता त्यांच्या खात्यात येत नाही. रस्ते खात्याने सांगितलं, दोन्ही विषय असतील तर एक संयुक्त अर्ज आहे, पण तो गाडीच्या मालकाने करायचा. "आपण मालक का?" "नाही." "भाडेकरू?" "गाडीचा? नाही." "मग आपलं नातं काय?" मी म्हटलं, शेजारी. पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग ती बाई हळहळून म्हणाली, "शेजारी हा पर्याय इथे नाहीये. ‘विधवा’ चालेल का?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये दोनशे पंचवीस इंच. मालकाला कळवल्याशिवाय अर्ज होत नव्हता आणि मालकाला कळवायचं तर गेल्या महिन्याभराच्या प्रार्थनेचा हिशेब द्यावा लागला असता. मी दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. ‘निसर्गाच्या एका सुंदर योगायोगाने’ इथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात केसचा व्हिडिओ कॉल आला आणि फोन संहिताने उचलला.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. मुलांना इथल्या शाळेत एक फार वाईट सवय लावतात. विचारलं की खरं सांगतात. पक्षी, फीत, वायर, मुकादम, आणि शेवटी कुकर. कुकर म्हणजे काय हेही तिने नीट समजावून सांगितलं. शिट्टी वाजवून दाखवली.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. बापाच्या वयाचा माणूस. पन्नास वर्षं जपलेली गाडी. त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं. तेही बसल्याबसल्या करायचं.

"अंडी किती?" केसचा आवाज आला.

"चार."

"मग बसू दे तिला," ते म्हणाले. "इथे आमचीही अजून बसूनच आहे. तारीख उलटून गेली." आणि मग, "सारंगला दे फोन."

मी फोन घेतला. त्यांनी माझ्याकडे एवढ्या जवळून पाहिलं की पडद्यावर नुसतं टक्कल दिसत होतं. "ती प्रार्थना," ते म्हणाले, "मी मुलीच्या पोटाशी फोन धरून रोज ऐकवतोय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ते रागावले होते की नाही हे मला कळलं नाही, आणि पुढचे कित्येक दिवस मी तेवढाच विचार करत होतो.

अर्ज झाला. उत्तर यायला वेळ लागणार होता, मुकादमाला वेळ नव्हता. त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. सगळी गल्ली उचलली, वाळू भरली, विटा लावल्या, फक्त फितीच्या आतला तुकडा सोडून. काम संपलं तेव्हा गल्ली वीतभर उंच झाली होती आणि ब्यूक होती तिथेच, एका लांबलचक खड्ड्यात, एखाद्या आटलेल्या हौदात म्हैस बसावी तशी. लोक बघायला येऊ लागले. शेजारच्या गल्लीतून येऊ लागले. एक शाळेचा वर्गच आला.

या सगळ्याची सूत्रं आता सासूबाईंच्या हातात होती. दोन मुलींची मिळून तीन बाळंतपणं त्यांनी केली होती, हे चौथं. गल्लीत सायकलची घंटी वाजवायला बंदी झाली. समोरच्या तरुण जोडप्याला दार आपटू नका म्हणून खुणेने बजावण्यात आलं. सगळ्यात नाजूक प्रश्न रियांच्या मांजराचा होता. सासूबाईंना डच येत नाही, रियांना मराठी येत नाही, आणि इंग्रजीचा दोघींनाही कंटाळा. तरी एका दुपारी त्या दोघी आमच्या स्वयंपाकघरात तासभर बोलल्या. त्यानंतर मांजर घरात कोंडलं गेलं आणि रिया डब्यात डिंकाचे लाडू घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर घडीच्या दोन खुर्च्या आल्या. कावळा आला की एक उठायची, बाहेरचं मांजर आलं की दुसरी.

मी ऑफिसातून यायचो तेव्हा त्या दोघी शाली पांघरून बसलेल्या असायच्या. मला पाहून ओठांवर बोट ठेवायच्या. माझ्याच दारात मी चवड्यांवर चालत जायचो.

"त्या काय सांगत होत्या आज?" मी एकदा विचारलं.

"त्यांच्या यजमानांचं. ही गाडी गल्लीत आली तेव्हा त्यांना फार हवी होती म्हणे एकदा तरी चालवायला. पण या केसशी बोलणं नव्हतं. त्या अर्ध्या जागेवरून."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं की," सासूबाई म्हणाल्या. "मीही त्यांना दादांच्या प्लिमथचं सांगितलं. आम्ही भावंडं आठ. दादा चालवणार, आई पुढे, आजी आणि पाहुणे मागे. आम्हाला नेलं नाही कधी. चढ आला की मात्र हाका मारायचे, ढकलायला." आणि त्या हसल्या. मला मात्र उगाच वाईट वाटलं. आजवर मला वाटत होतं, त्या त्या गाडीतून हिंडल्या आहेत.

पिल्लं बाहेर आली ते आम्हाला आवाजावरून कळलं. मग काही दिवस मेरल नवराबायको चोचीत गांडुळं घेऊन खड्ड्यात उतरायची आणि रिकाम्या चोचीने वर यायची. एका सकाळी चार ठेंगणी, शेपटी नसलेली पोरं ब्यूकच्या पंखाखाली रांगेत बसलेली दिसली, आणि संध्याकाळी नव्हती. सासूबाईंनी बारशाचा विषय काढला होता, पण शलाकाने तो जागीच मिटवला.

त्याच आठवड्यात केस परत आले. नातू झाला होता. मी विमानतळावर जायला निघालो तर म्हणाले, नको, ट्रेनने येतो. बॅग ओढत ते गल्लीत शिरले, खड्ड्याच्या काठाशी आले आणि थांबले. खुर्च्यांवरून दोन बायका उठून उभ्या राहिल्या. मी दारात होतो. काय बोलावं हे मी बरेच दिवस घोकलं होतं, ते सगळं विसरलो.

"ही खड्ड्यात का आहे?" केसनी विचारलं.

"ती खड्ड्यात नाही," मी म्हटलं. "आम्ही वर गेलोय."

केसनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "तू खोटं फार वाईट बोलतोस, सारंग. आवाज तरी दर आठवड्याला बदलायचास." आणि त्यांनी हात पुढे केला. तो मी धरला तेव्हा मला कळलं, की महिनाभर माझ्या खांद्यांवर काहीतरी होतं.

त्यांना घाई होती. दोन दिवसांनी रविवारी समुद्राजवळच्या एका मैदानात जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळावा होता. दरवर्षी केस तिथे जातात. त्यांचे जुने दोस्त येतात, दरवर्षी एकदोन कमी होतात. मैदानावर त्यांची जागा ठरलेली, चुन्याने आखलेली. मुकादम फळ्या घेऊन आला, गाडी वर काढायला. मराइका आली, फीत सोडायला. सगळी गल्ली जमली. केसनी बाह्या सरसावल्या, रिकामं घरटं काढून नातवासाठी ठेवायचं म्हणून एक खोकं आणलं आणि बॉनेट उचललं.

आत एक अंडं होतं. ताजं. घरट्याला नव्याने चिखल लावलेला होता.

मराइकाने हळूच सांगितलं, की मेरल एका वसंतात दोनतीनदा अंडी घालते, आणि चांगली जागा मिळाली तर तीच वापरते. तिच्या तोंडून ते माफी मागितल्यासारखं येत होतं. मुकादम आपल्या फळ्यांकडे बघत राहिला.

केसनी दोन्ही हातांनी बॉनेट खाली आणलं. पन्नास वर्षांच्या सवयीने ते शेवटी आपटून लावायचं असतं. त्यांनी ते आपटलं नाही. तळवा ठेवून, अंगाचा भार देऊन, आवाज न करता बसवलं.

"फीत बांधा," ते मराइकाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रविवारी बस किती वाजता आहे?"

आम्ही तिघं गेलो, केस, मी आणि सासूबाई. दोन बस बदलल्या. केस वाटभर खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, आता मित्रांपुढे कसं जायचं याची चिंता करत असतील. मीच त्यांच्या जागी असतो तर गेलो नसतो.

मैदानावर उन्हात चकचकणाऱ्या गाड्यांच्या रांगा होत्या. पंखवाल्या, दातवाल्या, गुलाबी, आकाशी. प्रत्येकीशेजारी एकेक म्हातारा कापड घेऊन उभा, आधीच स्वच्छ असलेलं पुसत. आणि एका रांगेत मधोमध रिकामी जागा. लांबच लांब. हिरवळीवर चुन्याची चौकट, पाटीवर केसचं नाव आणि ‘ब्यूक, १९५९’.

केस चौकटीत जाऊन उभे राहिले. एवढ्या मोठ्या जागेत ते फार लहान दिसत होते. दोन्ही बाजूंचे म्हातारे बघू लागले. कोणीतरी लांबून विचारलं, "केस, विकलीस की काय?"

सासूबाईंनी पिशवीतून आमची घरची चटई काढली, चौकटीच्या बरोबर मध्ये अंथरली आणि चपला बाहेर काढून तिच्यावर बसल्या. डबा उघडला. थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी. "बसा हो," त्या केसना मराठीत म्हणाल्या. "उभं राहून का सांगायचं असतं?"

केस बसले. फोन काढला, अंड्याचा फोटो उघडला आणि सांगायला सुरुवात केली. शेजारच्या कॅडिलॅकचा मालक वाकून बघायला आला, त्याला गुडघ्यामुळे वाकवेना म्हणून तोही बसला. मग डॉजवाला. मग त्याची बायको. खड्ड्याच्या गोष्टीपर्यंत येईतो चटई संपली होती आणि लोक गवतावर बसले होते. प्रार्थनेच्या ठिकाणी केसनी रेकॉर्डिंग लावलं, आणि इतक्या जुन्या गाड्यांचे इतके जुने मालक माना खाली घालून आमचा कुकर ऐकू लागले. मी थालीपिठाचे तुकडे करत होतो. ते पुरवायचे होते.

इतक्यात गळ्यात बिल्ला घातलेला एक परीक्षक कागद घेऊन आला. त्याने पाटी वाचली, चौकट पाहिली, चौकटीतली माणसं पाहिली.

"गाडी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"घरी," केस म्हणाले. "बसली आहे."

परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. सासूबाईंनी त्याच्या हातात थालीपीठ ठेवलं. मग त्याने बूट काढले आणि तोही आत आला. आम्ही जरा सरकलो. सरकायला भरपूर जागा होती.